बिनआवाजाची गिरणी
चाकणच्या ज्या कंपनीत मी चाचणी विभागात इंजिनियर होते, ती खनिज दळायच्या गिरण्या बनवायची. गिरणी म्हणजे आडवा लोखंडी ड्रम. आत पोलादी गोळे आणि खनिजाचे खडे. ड्रम फिरला की गोळे कडेने वर चढतात, उंचावरून कोसळतात आणि खड्यांचा भुगा करतात. आवाज इतका, की शेजारच्यालाही कानात ओरडून सांगावं लागायचं.

चाचणीची छोटी गिरणी आमचे ऑपरेटर मामा चालवायचे. राजगुरुनगरजवळच्या गावातले, दहावी नापास. दळण कितपत झालंय ते नुसत्या आवाजावरून सांगायचे, आणि चाळून पाहिलं की तेच निघायचं.

मग आमच्यावर नवे साहेब आले. त्यांनी आधी बिस्किटं विकली होती, नंतर विमा. त्यामुळे दळणाबद्दलची त्यांची मतं अगदी स्वच्छ होती. अनुभवाचा एकही डाग नाही.

एक वयस्कर गिऱ्हाईक मँगनीजचे खडे घेऊन आले, त्या दिवशी साहेब स्वतः चाचणीला उभे राहिले.

"मामा, स्पीड वाढवा. डबल स्पीड, डबल माल. सिंपल!"

"साहेब, मग गोळे पडायचे न्हाईत. ड्रमला चिकटून नुसते फिरत बसतील."

"निगेटिव्ह बोलायचं नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. गोळे कितव्या वेगाला पडायचे थांबतात, त्याचं सूत्र लिहून मी कॉलेजात पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. पण अप्रेझल पुढच्याच आठवड्यात होतं. मी हेल्मेटचा पट्टा घट्ट करत बसले.

मामांनी वेग वाढवला. धडधड वाढत गेली आणि एकाएकी बंदच झाली. उरली फक्त मोटरची घरघर.

साहेबांनी टाळी वाजवली. "बघा! आवाजसुद्धा गेला! याला म्हणतात इनोव्हेशन!"

तासाभराने झाकण उघडलं. खडे घातले तसेच बाहेर आले. गिऱ्हाइकांनी एक उचलून निरखला. "टवटवीत दिसतोय," ते म्हणाले, "सहलीला जाऊन आल्यासारखा."

"तुमचं खनिजच फार कडक आहे," साहेब म्हणाले आणि फोन आल्याचं सांगून केबिनमध्ये गेले.

मामांनी कुणाला न विचारता वेग उतरवला. पुन्हा धडधड सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काळी, मऊ पूड तयार होती. गिऱ्हाइकांनी ती चिमटीत चोळून पाहिली आणि ऑर्डरचं पक्कं केलं.

संध्याकाळी साहेबांचा मेल सगळ्या कंपनीला गेला: कमी आवाजाच्या गिरणीचा प्रयोग यशस्वी. आभारात माझं नाव होतं, मामांचं नव्हतं.

मी मामांकडे गेले. "मामा, मी तेव्हा बोलायला हवं होतं."

ते 'जाऊ दे पोरी' म्हणतील, अशी माझी खात्री होती.

"व्हय, बोलायला पायजे व्हतं," मामा म्हणाले आणि ड्रम धुवायला लागले.