पंचेचाळीस दिवसांचा श्रावण

लग्न झालं तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मला क्वार्टर मिळालं होतं. स्वयंपाकघर सोडलं तर एकच खोली. पूर्वेची भिंत तिथेच, म्हणून देवांची फळी तिथेच आणि आमचा पलंगही. मधलं अंतर मी मोजलं होतं, साडेसहा फूट. बायकोच्या जवळ जाताना देव पाठीकडे बघत बसलेत असं मला वाटे.

त्यावर मी नियम काढला. सोमवार, गुरुवार, दोन एकादश्या, दोन चतुर्थ्या, अमावास्या आणि पौर्णिमा, या दिवशी उपास अन्नाचाही आणि संसाराचाही. कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारायच्या. त्यात माझ्या रात्रपाळ्या. एखाद्या महिन्यात नऊ दिवस उरत, एखाद्यात सहा. नियम चोख पाळतो याचं मला समाधान होतं. तिला विचारावं, हे मात्र डोक्यातही आलं नाही.

मग लग्नानंतरचा पहिला श्रावण आला. पुण्याहून आईने पाठवलेल्या कॅलेंडरात तो अमावास्येनंतर लागत होता. इथल्या हिंदी कॅलेंडरात पंधरा दिवस आधीच. चूक नको, म्हणून मी दोन्ही धरले. फुल्या मारत होतो तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली. माहेर इंदूरचं, त्यामुळे दोन्ही श्रावण तिच्या ओळखीचे.

“अहो, हे काय?”

“श्रावण.”

“पंचेचाळीस दिवसांचा? आधी त्यांचा सावन, मग आपला श्रावण, की लगेच गणपती आहेतच!”

“देवाच्या कामात कमी पडायला नको.”

“मग मी आईकडे जाते. उपास सुटला की चिठ्ठी टाका.”

तिने खरंच पलंगाखालून पेटी ओढली. हसत होती, पण डोळे भरले होते. “माझ्याजवळ आलात की उठून अंघोळ करता. मी काय विटाळ आहे?”

“तसं नाही गं. देवांसमोर...”

“देवांसमोरच म्हणालात ना? धर्मे च, अर्थे च, कामे च, नातिचरामि! तेही तीनदा. तुम्ही मोजणारे. तीनातलं तिसरं कुठे गेलं?”

या तिन्ही बाबतींत हिला डावलून वागणार नाही, असा नातिचरामिचा अर्थ. मी तो शब्द गुरुजींच्या मागून नुसता उच्चारला होता. अग्नीसमोर दिलेलं वचन मी मोडत होतो, आणि तेही देवाचंच नाव सांगून.

मी खोडरबर आणलं. श्रावणी सोमवार ठेवू का, असं तिला पहिल्यांदाच विचारलं.

“ठेवा की. तो पोटाचा उपास. बाकीचं दोघं मिळून ठरवू.”

पेटी पुन्हा पलंगाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला अंघोळ करून मी पूजेला बसलो. रात्री उठून मात्र केली नव्हती. तिने जास्वंदीची फुलं तबकात आणून ठेवली.

“काय, रागावलेत का देव?”

“दिसत तर नाहीत.”

“नीट मोजून सांगा.”