आजींनी भरलेली बाटली

"सर, तुमी सांगितलेलं समदं केलं. तरी पिवळीच हायती."

कुंडलच्या सुनीतावहिनी ढोबळी मिरचीच्या ट्रेवर वाकून बोलत होत्या. शेडनेटखाली हजारो रोपं. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. उंब्रजचे शेतकरी चार दिवसांवर रोपं न्यायला येणार होते. नवरा सैन्यात, नर्सरी वहिनींनी एकटीच्या हिमतीवर काढलेली, आणि हा पहिलाच हंगाम. ही खेप गेली असती तर पुन्हा कुणी त्यांच्या दारात आलं नसतं.

शेंडा पिवळा म्हणजे बहुतेक लोहाची कमतरता. मी लॅबमध्ये माती-पाणी तपासतो. वहिनींच्या पाण्याचा रिपोर्ट मीच काढला होता, एकदम उत्तम. म्हणून बिनधास्त लोहाचा डोस वाढवायला सांगितलं होतं. फरक शून्य.

उठताना हात फॉगरच्या नोझलला लागला. फॉगर म्हणजे रोपांवर बारीक फवारा मारणारी तोटी. तिच्यावर पांढरा खडबडीत थर. एवढ्या चांगल्या पाण्याला हा चुना कुठला?

"वहिनी, तपासणीची बाटली कुणी भरली होती?"

"म्या," दारातून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या. "चांगली घासून, फिल्टरच्या पान्यानं."

"अहो आजी, रोपांना तर बोरचं पाणी जातंय!" मी म्हणालो.

"जाईना! म्हनून सायबाच्या हातात बोरचं मचूळ पानी द्यायचं व्हय? माझं माहेर दुष्काळी आटपाडीकडं. आमी मेंढरामागं हिंडलेली मानसं. दुसऱ्याला पानी द्यायचं तर चांगलंच द्यावं."

वहिनींनी कपाळावर हात मारला. मला हसू येत होतं आणि स्वतःचा रागही. नमुना कुठला, हे न विचारता सल्ला मी दिला होता.

पिशवीतून किट काढलं. पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे, एवढंच पीएच सांगतो. अल्कलिनिटी वेगळी. पाणी किती आम्ल ढेकर न देता पचवतं, ती अल्कलिनिटी. किटमध्ये आम्ल थेंबाथेंबाने टाकायचं आणि रंग बदलेपर्यंत मोजायचं. फिल्टरचं पाणी दोन थेंबांत बदललं. बोरच्या पाण्याला बावीस लागले. असलं पाणी रोज घातलं की ट्रेच्या एवढ्याशा कपात पीएच चढत जातो. मग लोह कितीही घाला, मुळांना ते उचलता येत नाही.

उपाय सोपा. टाकीच्या पाण्यात मोजून फॉस्फोरिक ॲसिड. पण नवी पानं यायला दिवस लागणार होते. वहिनींनी माझ्यासमोरच उंब्रजला फोन लावला.

"दादा, पान्यात घोळ झालाय. धा दिस थांबा. पिवळं रोप म्या देनार न्हाई."

माझं नावही घेतलं नाही. मी मान खाली घालून ऐकत होतो. शेतकरी थांबले. अकराव्या दिवशी शेंडे हिरवेगार होते आणि टेम्पो भरत होता. वहिनींचे उपकार मी विसरणार नाही. शेतकऱ्यांना माझी चूक सांगितली असती, तर बुडालं असतं ते माझंच नाव.

तेव्हापासून नमुन्याची बाटली मी स्वतः भरतो. अपवाद फक्त कुंडलचा. तिथे आजी दोन बाटल्या घेऊन दारात उभ्या असतात.

"ही बोरची, तुमच्या मशीनला. अन् ही फिल्टरची, तुमाला."

दुसरी मी तिथेच पिऊन संपवतो.