पाण्याला भिणारी

म्हापशाच्या बस स्टँडवर आम्ही दोघं लिंबू सोडा प्यायलो, ते आमचं शेवटचं. दुसऱ्या कोणाला यात काय वाटणार नाही. पण आमच्या हिच्याइतकी पाण्याला भिणारी बाई अख्ख्या पेडण्यात झाली नसेल. नदीच्या नव्हे, पेल्यातल्या. घराबाहेर पडायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून तिच्या घशाखाली थेंब उतरत नसे.

कारण असं, की खोकली, शिंकली, कळशी उचलली की तिला लघवी व्हायची. कधी थेंब, कधी लुगडं भिजेपर्यंत. लोकांना कळू नये म्हणून तिने काय काय केलं. लग्नाला गेली की नवरीच्या आधी न्हाणी बघून यायची. बसमध्ये टॉवेलाची घडी घालून त्यावर बसायची, आणि कंडक्टरने बघितलं तर म्हणायची, "सीट तापली हा." भर पावसात. शिंक आली तर नाक असं दाबायची की मला वाटे डोळे बाहेर पडतात. दशावतारात संकासुर हसवायला आला आणि आमचं सगळं हळर्ण गाव हसून लोळलं, तरी ही खांब धरून, पाय आवळून, तोंड वाकडं करून उभी. गावात तिला गर्विष्ठ म्हणत. हसू तिला सगळ्यांपेक्षा जास्त यायचं. ते ती घरी आणून मोरीत उभी राहून हसायची.

डॉक्टरकडे चल म्हटलं की ऐकायची नाही. पाळी गावात दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीला असंच सोनोग्राफीच्या मशीनखाली घातलं, गर्भपिशवीत रोग सापडला आणि पाऊस लागायच्या आत ती गेली. "मशीन बघता म्हणान सापडता," ही म्हणायची. "बघूक नाय तर सापडूचो नाय." मी वरून तिला वेडी म्हणायचो. आतून मलाही तेच वाटायचं.

शेवटी खोकला धरला तेव्हा तिने घरातही पाणी पिणं सोडलं, म्हणून ओढूनच म्हापशाला नेली. सोनोग्राफीच्या खाटेवर झोपवली तर पिशवी कोरडी. डॉक्टरीण म्हणाली, लघवीची पिशवी भरल्याशिवाय मला दिसणार काय? पाणी पिऊन या. बाहेर बाकावर हिने बाटली अशी धरली जशी विषाची. घोटागणिक माझ्याकडे बघायची.

मग पडद्यामागून ऐकू आलं, "आजी, आता खोका."

"खोकूचंय नाय, बाये. तुझी खाट भिजतली."

"भिजू दे. तेच बघायचंय मला."

मग ती खोकली. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम खोकली. डॉक्टरणीने मला आत बोलावून मशीनवरचं चित्र दाखवलं. काळी पिशवी, आणि खोकल्यासरशी तिचं तोंड खाली घसरत होतं. म्हणाली, खालचे स्नायू सैल झालेत, वाईट काही नाही. व्यायाम सांगते, जमलं नाही तर छोटं ऑपरेशन. सकाळी उठून पेलाभर पाणी प्यायचं. भिऊ नका.

म्हणून तो सोडा. तळापर्यंत प्याली, ढेकर दिला आणि बसमध्ये टॉवेल न घालताच बसली. "भिजली तर भिजू दे, डॉक्टरणीन सांगल्यान." घर येईस्तोवर हसत होती, चारचौघांत. उतरताना म्हणाली, "सकाळचो पेलो तुमीच भरून दिया. माका धीर होवचो नाय."

सकाळी मी पेला भरून नेला. ती उठली नाही. झोपेतच काळीज थांबलं होतं. काळजाला कोणी मशीन लावलं नव्हतं, आणि त्याची भीती आम्हाला कधी शिवलीच नव्हती. शेजारची वहिनी तुळशीचं पान घेऊन आली. म्हणाली, "भावजी, तोंडात पाणी घाला." पेला माझ्या हातातच होता. त्यातलं चमचाभर घातलं, म्हटलं, पी गो, आता भिऊ नको.

उरलेलं मीच प्यालो.