बसलं की किनारा जातो

बडोद्यातले आमचे सगळे अस्थी घेऊन चांदोदला जातात, नर्मदेवर. बायकोने मात्र मरायच्या आधी बजावलं होतं, "मला समुद्रात सोडा. किनारा दिसेनासा होईल तिथं. दिसला तर मी परत येईन तुमच्या पोळ्या लाटायला." हसत म्हणाली, पण ते हसणं नव्हतं. लग्नानंतर समुद्र दाखवला नाहीत, हे तिने आयुष्यभर ऐकवलं. गोरव्याच्या कारखान्यात लेथवर मला सुट्टी कोण देत होतं, ते तिला ठाऊक होतं. तरी ऐकवायचीच.

मी शब्द दिला. दिला म्हणजे दिला.

वलसाडच्या बाजूला होडी ठरवली. मी, मुलगा आणि होडीवाला. लाल फडक्यात बांधलेलं मडकं माझ्या मांडीवर. किनारा मागे पडू लागला तो खालून. आधी वाळू गेली, मग घरं, मग झाडं. माणूस पायाकडून बुडत जावा तसं. शेवटी नुसतं पाण्याच्या टाकीचं डोकं उरलं आणि तेही गेलं.

"झालं बाबा," मुलगा म्हणाला. "सोडू या."

मी उभा राहिलो. टाकी होती तिथंच होती.

"अजून पुढे घे," मी होडीवाल्याला म्हटलं.

"काका, बेसी जाओ ने!" तो ओरडला, खाली बसा म्हणून. ओहोटी लागली की होडी खाडीत शिरत नाही, ही त्याची घाई.

मुलगा इंजिनियर. मला समजावू लागला. समुद्र सपाट नाही, त्याला फुगवटा आहे. डोळा जितका उंच तितकं लांबचं दिसतं. "तुम्ही बसलात की टाकी फुगवट्याआड जाते. पुढे गेलो तरी हेच. पाहिजे तर डोलकाठीवर चढा, परत दिसेल."

"म्हणजे तुझ्या आईला दिलेला शब्द मी बसून पाळू?"

"आई कुठं उभी आहे, बाबा? ती तर पाण्यालगत जाणार. तिला किनारा केव्हाच दिसेनासा झाला."

पोराने बरोबर तेच काढलं. आईच्या बाजूने बोलायची त्याची सवय लहानपणापासूनची. ती दोघं एकीकडे, मी एकीकडे. ती गेली तरी वाटणी तीच.

होडीवाल्याने होडी वळवायला घेतली. मुलाने हात पुढे केला. मडकं मी दिलं नाही, त्याने घेतलं. तो वाकला, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि तिला हळूच सोडलं. "बाबा, निदान आता तरी बसा," म्हणाला. डोळे पुसत होता.

मी बसलो नाही.

आता मुलगा नातेवाइकांत सांगतो, आईची इच्छा पूर्ण केली. केली असेल त्याने. तिने शब्द माझ्याकडून घेतला होता, आणि ती पाण्यात गेली तेव्हा मला टाकी दिसत होती.