समुद्र धरायचा राहिला

आमची मुलगी पीथमपूरला एका परदेशी मोटार कंपनीत इंजिनिअर होती. दर शनिवारी संध्याकाळी ती उज्जैनला घरी यायची, देवास गेटच्या बसस्थानकावर उतरायची. हायब्रिड गाड्यांची जुळणी पीथमपूरला करायची की थायलंडमध्ये, हे कंपनी ठरवणार होती. थायलंड ठरलं तर तिलाही तिकडे जावं लागणार होतं.

मी कोष्टक मांडलं. जमीन, वीज, पाणी, कामगार, मोठी शहरं. सगळी अंतरं उज्जैनपासून मोजली. आम्हा उज्जैनवाल्यांची ती सवयच आहे. जुने ज्योतिषी पृथ्वीची मध्यरेषा याच गावावरून ओढायचे. माझ्या हिशोबात पीथमपूर सहज जिंकलं. त्या भरवशावर मी वरच्या खोलीला तिच्यासाठी मोठी खिडकी बसवून घेतली.

कोष्टक पाहून ती हसली. "बाबा, बॅटरी जहाजानं येते, तयार गाड्याही जहाजानंच जातात. समुद्र तर तुम्ही धरलाच नाही. क्षिप्रेत जहाज आणणार का?"

"यांचा काही भरोसा नाही, आणतील पण," तिची आई म्हणाली.

कंपनीनं थायलंडमधलं बंदराजवळचं गाव निवडलं. त्यात कंपनीचं काही चुकलं नाही. शनिवारी मी अजून देवास गेटपर्यंत जातो आणि भाजी घेऊन परततो.

परवा फोनवर तिला विचारलं, "कारखाना किती लांब पडतो गं?"

"घरापासून बारा किलोमीटर, बाबा."

मी वहीत बारा लिहिलं. आजवर घर म्हटलं की ती आमच्या या घराबद्दलच बोलायची.