बोलणारी उशी

दिग्रसच्या बाजारामागच्या गल्लीत जैबुनबी गाद्या-उशा भरून द्यायची. जुन्या गादीवरून नुसता तळहात फिरवला की आत कापूस किती आणि चिंध्या किती, हे तिला कळायचं. एकदा एका नवरदेवाच्या गादीत सरकीचा दाणा राहिल्याचा तिला संशय आला, तर बाई लग्नघरी जाऊन गादी उसवून बसली! नवरदेव बिचारा "राहू द्या हो" म्हणतोय, ही ऐकते कशाला. आणि पोरांशी बोलायची कशी? राग आला की वऱ्हाडी, माया आली की हिंदी. पळायचं की थांबायचं, ते गल्लीतली पोरं तिच्या बोलीवरून ठरवायची.

ते साल बोंडअळीचं. बोंडं आतून पोखरलेली. लोक पाठीवर पंप बांधून फवारत होते, आणि फवारता फवारता चक्कर येऊन पडत होते. फवारणीच्या विषाला आपल्याकडे औषधच म्हणतात. "औषध लागलं" म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. असल्या सालात नव्या गाद्या कोण भरून घेणार? म्हणून जैबुनबीचा एकुलता एक कलीम फवारणीच्या कामाला जाऊ लागला.

दिवाळी सरली, फवारणी संपली, तरी कलीम गुंगीतच. जेवताना डोळे मिटायचे, घास हातातच राहायचा. कधी दरदरून घाम, कधी उगाच चिडचिड. एक दिवस दारातच कोसळला.

"काय झालं वं पोराले?" गल्ली गोळा झाली.

"औषध लागलं," जैबुनबी म्हणाली. कुणी ताक आणलं, कुणी लिंबू. तिलाही ते खरं वाटत होतं. निदान खरं मानलं की बरं वाटत होतं.

आणि मग एका सकाळी पलीकडच्या आळीतल्या रुखमाबाई काखेत उशी मारून आल्या. जैबुनबीकडूनच नुकती भरून नेलेली.

"जैबुन, तुही उशी बोलते वं!"

"उशी? बोलते?"

"बोलते म्हंजे! आमचे हे कूस बदलतेत तं करकर, करकर. उंदीर आहे म्हणून काठी घेऊन बसले. मी म्हटलं, उंदराच्या नावानं माह्यंच टकुरं फोडसान!"

जैबुनबी खळखळून हसली. हसता हसता तळहात उशीवर ठेवला, तर कापसात काहीतरी टोचलं. शिवण उसवली. कापसातून गोळ्यांची चंदेरी पाकिटं निघाली, काही रिकामी, काही भरलेली. उशीचं तोंड शिवायचं बाकी असताना कलीमने लपवायला घाईघाईत आत खुपसली होती, आणि आईने काही न कळता वरून टाके घातले होते.

"फवारणीचंच असन काही," ती पुटपुटली.

"बाई, ते डब्यात येते." रुखमाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "माह्या भावाची दारू आम्ही अशीच झाकली. पोटदुखी म्हणत होतो. लोकायले सांगता सांगता डॉक्टरलेही तेच सांगतलं. गेला तो."

दुपारी कलीम आला. उसवलेली उशी दिसली तसा उंबऱ्यातच थबकला. नजर भिंतीला टेकवलेल्या काठीकडे गेली. जैबुनबीने काठी उचलली आणि त्याच्याच हातात दिली.

"बैठ बेटा. ये रुई झटक."

हिंदी कानावर पडली आणि पोरगं रडायलाच लागलं.

कापूस झोडता झोडता तो बोलत गेला. पंपाच्या पट्ट्यांनी खांदे सोलून निघायचे. जोडीदाराने एक गोळी दिली. दुखणं गेलं, काम झालं. पुढे गोळी नसली की अंग मोडून यायचं, नाक गळायचं, पोटात कळा. मग मजेसाठी कुठली, नुसतं उभं राहता यावं म्हणून गोळी.

"छोडना है, अम्मी. छूटता नहीं."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीने यवतमाळला गेली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या टेबलाजवळच्या बाकावर कोण? गल्लीतलीच रुपीबाई, खोकल्याचं औषध न्यायला आलेली. तिच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळच्या आत साऱ्या दिग्रसला ठाऊक व्हायची.

"काय झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"औषध लागलं," जैबुनबीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

बाईंनी बॅटरी मारून कलीमचे डोळे पाहिले. "कोणतं औषध? डबा आणला का? सिस्टर, विषावरचं इंजेक्शन तयार ठेवा." कलीमने बाही वर सरकवली. जैबुनबीला रुखमाबाईंचा भाऊ आठवला.

"थांबा मॅडम! फवारणी नाही. म्या खोटं सांगतलं. माह्यं पोरगं नशेच्या गोळ्या खाते."

रुपीबाईचा खोकलासुद्धा थांबला.

"बरं झालं बोललात, मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याचा इलाज वेगळा, याचा वेगळा. हा आजार आहे. घरात कोंडू नका, टोमणे मारू नका. त्रास कमी व्हायला मी औषध देते, दर आठवड्याला यायचं. आणि मधेच घसरला तर लाजून घरी बसू नका. परत घेऊन या."

घसरला. संक्रांतीच्या आसपास पुन्हा जोडीदार भेटला. त्या दिवशी जैबुनबीची वऱ्हाडी पार बसस्टँडपर्यंत ऐकू गेली. पण सकाळी एसटीत त्याच्याशेजारी बसली ती हिंदीतच.

हळूहळू कलीमच्या अंगावर मांस आलं. रुखमाबाईंची उशी त्यानेच नव्याने भरून दिली. त्यांचे यजमान श्रावणराव गल्लीभर तक्रार करत फिरले, "उशी मुकी झाली राजा, आता करमत नाही!"

आणि रुपीबाईने आपलं काम चोख केलं होतंच. गाव काय म्हणेल, ही जैबुनबीची धास्ती होती. पण झालं भलतंच. एक दिवस एक अनोळखी बाई उशी घेऊन आली. पदर ओढलेला, नजर खाली.

"हे भरून पाह्यजे होती."

जैबुनबीने उशीवर तळहात फिरवला. गुठळी नाही, चिंधी नाही, कापूस ताजा. कलीम आतून बघत होता. त्याने बाईसाठी चटई अंथरली.

"उशी तं चांगलीच आहे वं," जैबुनबी म्हणाली. "बस. पोरगं कसं आहे?"