चाळीस जणींचा बिल्ला

माझ्या मावशीची एक किडनी कायमची गेली. काय झालं होतं असं कुणी विचारलं, की आमचे नातेवाईक आवाज खाली आणून सांगतात, "पोटाचं दुखणं होतं हो." मला संताप येतो. पोटाचं कसलं? पोट बिचारं ठणठणीत होतं.

मावशी शर्टाच्या कॉलरी शिवायची. अकरा वर्षं, एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर. कॉलर उलटवून तिचं टोक बाहेर काढायला हात बसावा लागतो. नवख्या बाईच्या हातून ते फाटतं नाहीतर बोथट राहतं. मावशीची टोकं अशी यायची, की इस्त्रीवाला म्हणायचा, "या बाईची कॉलर मी डोळे मिटून ओळखेन." तो जरा चढवूनच बोलायचा, पण मावशी दिवसभर खुशीत असायची. माझी आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि अठरा पूर्ण झाल्यावर शेजारच्या मशीनवर आणून बसवलं.

पहिल्या दिवशी, मशीनला हात लावू द्यायच्या आधी, तिने मला पाणी न प्यायला शिकवलं. सकाळी अर्धा पेला, तोही घोट घोट. डब्यात मीठ बेताचं. घसा कोरडा पडला तर तोंडात लवंग धरायची, ओल्या रुमालाने ओठ टिपायचे. दुपारच्या सुट्टीत दोन घोट, बाकी काय ते संध्याकाळी घरी. इतक्या मायेने सांगितलं, की मला वाटलं ही कामाचीच गोष्ट असेल, सुई बदलण्यासारखी.

कारण होतं बिल्ला. आमच्या लाइनीत बायका चाळीस आणि संडासाला जायचा पितळी बिल्ला एक, सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेला. हा सुपरवायझर रबरी तळाचे बूट घालून चोरपावलांनी मागे येऊन उभा राहायचा, म्हणून आम्ही त्याला बोका म्हणायचो. बिल्ला त्याच्याकडे मागायचा. तो घड्याळ बघून वहीत वेळ लिहायचा. दिवसातून दुसऱ्यांदा गेलं, की अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारायचा, "काय बाई, नळ गळतोय का?" कटिंगच्या टेबलावरचे पुरुष दात काढायचे. हे एकदा ऐकलेली बाई पुन्हा कधी दुसऱ्यांदा जायची नाही. मावशी तर पहिल्यांदाही जायची नाही. बोका बाकीच्यांना तिचा दाखला द्यायचा आणि मावशीला त्याचा अभिमान वाटायचा. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मग तिला थंडी वाजून ताप यायला लागला. कमरेतून अशी कळ यायची की मशीनला धरून डोळे मिटायची. आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण, बाहेर रांग दारापर्यंत. काय होतंय, त्याने विचारलं. मावशीने मान खाली घालून सांगितलं, पोट दुखतं.

आमच्या घरात त्या जागेला नावच नव्हतं. लघवी हा शब्द बायका आपसातसुद्धा कुजबुजून बोलायच्या, परक्या पुरुषासमोर तर जीव गेला तरी नाही. जळजळ, ताप, कळ, सगळं तिने पोटात कोंबलं आणि डॉक्टरने ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. मी शेजारीच होते. मला सगळं ठाऊक होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीही म्हणाले, "हो, पोटच." बोक्यावर जेवढा राग आहे, त्यातला थोडा मी माझ्यासाठी राखून ठेवला आहे.

दोन वर्षं त्या गोळ्या चालल्या. डॉक्टरने एकदाही तिला झोपवून तपासलं नाही. त्याच्या मागच्या भिंतीवर चित्र होतं, एक गुबगुबीत बाई हसत हसत पाणी पितेय, रोज आठ पेले प्या म्हणून. एकदा आमच्यासमोरच तो नर्सला म्हणाला, या बायकांना कितीही सांगा, ऐकतच नाहीत. आम्ही दोघी चूक केल्यासारख्या उभ्या होतो. अरे, एकदा विचारायचं तरी होतंस, का ऐकत नाहीत!

शेवटी मावशी मशीनवरच कोसळली. मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढले, तेव्हा कळलं की खड्यांनी एक किडनी पार निकामी केली आहे आणि दुसरी अर्धीच चालते आहे. तिथे डॉक्टरबाई होत्या. तुम्ही पाणी का पीत नाही, त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, तहानच लागत नाही. तेव्हा मात्र माझा बांध फुटला. बिल्ला, वही, नळ, लवंग, सगळं मी भडाभडा बोलून टाकलं. मावशी लाजून भिंतीकडे तोंड करून बसली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवून ऐकलं. भरपूर पाणी आणि दर दोन तासांनी लघवी, एवढं सांभाळलं तर दुसरी किडनी वाचेल, त्या म्हणाल्या. नाहीतर आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं, जन्मभर. त्यांनी तशी चिठ्ठी लिहून दिली.

बोक्याने चिठ्ठी वाचली, नीट घडी घातली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. एकीला सोडलं तर चाळीस जणी उठतील, म्हणाला. काम सोडायचं तर जायचं कुठे? गल्लीतल्या दुसऱ्या कारखान्यातही बिल्लाच होता, फक्त प्लास्टिकचा.

मग शर्ट विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार असं कळलं. मी ठरवलं, मावशी सगळ्यांत जुनी, तिला विचारतीलच. तेव्हा तिनेच सांगायचं. चार दिवस घरी तिच्याकडून घोकून घेतलं. भांडी घासता घासता ती वाक्य छान म्हणायची, पण तो शब्द आला की आवाज नळाच्या पाण्यात बुडून जायचा.

त्या दिवशी खिळ्यावरचा बिल्ला गायब. संडासात साबण. प्रत्येक मशीनशेजारी पाण्याची सीलबंद बाटली, आणि ती फोडायची नाही अशी बोक्याची ताकीद. मावशी मात्र घरून तीन पेले पाणी पिऊन आली होती. आज बिल्ला नसेल, आज तरी डॉक्टरबाईंचं ऐकते, म्हणाली. पण पाहुणे जाईपर्यंत कुणी जागेवरून हलायचं नाही असा हुकूम निघाला, आणि पाहुणे आले दोन तास उशिरा.

फाइल घेतलेला साहेब नेमका मावशीपाशी थांबला. बोका तिच्या पाठीशी उभा. काही त्रास आहे का बाई, साहेबाने विचारलं. मावशी म्हणाली, "नाही साहेब. पोटाचं थोडं असतं."

मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं. साहेबाने ते लिहून घेतलं. मग त्याची नजर तिच्या कॉलरीवर गेली. वा, म्हणाला, एक शिवून दाखवा बघू. मावशीने शिवली. टोक सुरेख आलं. आणि तिच्या स्टुलाखाली फरशीवर ओल दिसली, पसरत पसरत साहेबाच्या बुटापाशी आली. तो मागे सरकला.

"बाटली सांडली साहेब," बोका लगेच म्हणाला. "या बायकांना सांभाळून ठेवायला नको." आणि फडकं आणायला ओरडला.

बाटली टेबलावर होती, सील न फोडलेली. मला दिसत होती, साहेबालाही दिसत होती. त्याने मान हलवली आणि फाइलचं पान उलटलं. मी ताडकन उठले. मावशीने माझं मनगट घट्ट धरून मला खाली बसवलं. वाटलं, संपलं, आता ही मला गप्प करणार.

पण ती स्वतःच उभी राहिली. कपडे घोट्यापर्यंत भिजलेले, समोर अख्खी लाइन, कटिंगचे पुरुष, इस्त्रीवाला, सगळे. तिने बाटली उचलून साहेबाच्या फाइलवर ठेवली.

"भरलेली आहे, बघा," ती म्हणाली. आवाज जराही खाली गेला नाही. "खाली आहे ती माझी लघवी. इथे अकरा वर्षं मी ती धरून बसलेय. ते पोटाचं खोडा आणि हे लिहा."

साहेबाने बोक्याकडे पाहिलं, मग फरशीकडे, मग खिशात पेन शोधायला लागला. पेन त्याच्या हातातच होतं. तो लिहायला लागेपर्यंत मावशी तशीच, त्या ओल्यात उभी राहिली.